आतली कडी

"घरी कोणी नाई."

आवाज कुणाचा, हे वैजयंतीबाईंना क्षणभर कळलंच नाही. दार वाजलं होतं, दोनदा, बोटांच्या पेरांनी. मग कुणीतरी बाहेरून कडी हलवली होती. आणि मग हे उत्तर, घरातूनच, मधल्या खोलीतून, चांगलं मोठ्यानं. त्या खोलीत त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. हातात अर्धी घडी घातलेली चादर होती आणि तोंड अजून किंचित उघडं होतं, तेव्हा बोलल्या त्या त्याच असणार. एवढी मोठी बाई, मंडळीची पाळकीणबाई, रविवारशाळेत पोरांना खोटं बोलू नये म्हणून गाणी शिकवणारी, आणि भरदुपारी आपल्याच घरातून ओरडून सांगते की घरी कोणी नाही. बाहेरचा माणूस हसला असता तरी बरं झालं असतं. पण बाहेर काहीच झालं नाही. ना हसू, ना "बाई, मी आहे", ना ओट्यावरून उतरणाऱ्या चपलांचा आवाज. चादर छातीशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. श्वास ऐकू जाईल म्हणून तोही त्यांनी दाबून धरला.

खरं म्हणजे या घराला आतून कडी असणं हेच नवल होतं. वाशीमला रिसोड नाक्याच्या अलीकडे ख्रिस्ती मंडळीचं जुनं कंपाउंड आहे. उपासनेचं कौलारू मंदिर, समोर लिंबाचं झाड, एक बंद पडलेला हातपंप आणि कोपऱ्यात हे पाळकाचं घर. वैजयंतीबाईंचे सासरे इथेच पाळक होते. त्यांनी कधीकाळी स्वतःच्या हातानं पेचकस घेऊन पुढच्या दाराची आतली कडी काढून टाकली होती. मेंढपाळाच्या घराला आतून कडी कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यामागे मुलगा देवमन पाळक झाला आणि त्यानं दारावरची ती चार भोकं वारसा म्हणून जपली. वर्षातून एकदा तरी उपदेशात त्या कडीचा विषय निघायचा, आणि मंडळी माना डोलवायची. डोलवणाऱ्यांना काय, त्यांच्या घरांना कड्या होत्या. वैजयंतीबाई रिठदहून लग्न होऊन आल्या तेव्हा नव्या नवरीला लुगडं बदलायला न्हाणीघर तेवढं होतं, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी विचारायचं, बाई, किती वेळ आहे. लोक येत. पोराला ताप आहे, प्रार्थना करा. सून ऐकत नाही, प्रार्थना करा. एक जण रक्ताचा रिपोर्ट वाचून घ्यायला यायचा आणि रिपोर्ट चांगला निघाला की जेवून जायचा. वैजयंतीबाईंनी कधी तक्रार केली नाही. लोक म्हणायचे, किती सोशिक. सोशिक वगैरे काही नाही. तक्रार करायला सुद्धा माणसाला घटकाभर रिकामं बसावं लागतं, ते बसणं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

मग या नाताळाच्या आधी माकडांनी तो उद्योग केला. प्रभुभोजनाच्या विधीसाठी आदल्या दिवशी आणलेल्या पावाच्या लाद्या पुढच्या खोलीत टेबलावर झाकून ठेवल्या होत्या. वैजयंतीबाई मागे करंज्यांचं सारण परतत होत्या. लोटलेलं दार ढकलून वानरांची टोळी आत शिरली, आणि त्या येऊन पाहतात तो एक हुप्प्या पाळकसाहेबांच्या खुर्चीत बसून पाव खातोय, अगदी शांतपणे, दोन्ही हातांनी. माकडं हाकलायचं काम कंपाउंडात गोजराबाईंचं. या म्हाताऱ्या बाई मंदिर झाडत, घंटा वाजवत, मागच्या खोलीत एकट्या राहत. त्या काठी घेऊन आल्या आणि टोळी गेली, पण पाव गेला तो गेलाच. त्यावर कमिटीची बैठक बसली. पाव अजून आशीर्वादित नव्हता, म्हणजे दोष लागत नाही, असं एकानं सांगितलं. जगदेव, जे कमिटीचे सर्वांत बोलके सभासद, ते म्हणाले की आज पाव गेला, उद्या द्राक्षरसाचे प्याले जातील. तीनदा चहा झाला आणि शेवटी ठरलं की दाराला आतून कडी लावावी. खेमा मिस्त्रीनं जुन्याच भोकांवर नवी स्टीलची कडी बसवली. देवमनरावांना ते जरा जड गेलं असावं, कारण रविवारी त्यांनी वेदीवरून मुद्दाम सांगितलं, कडी माकडांसाठी आहे, माणसांसाठी नाही. सगळी मंडळी हसली. वैजयंतीबाईही हसल्या.

आणि आज सोमवार. देवमनराव सकाळीच मोटारसायकल काढून इंझोरीला गेले होते, तिथे एक घर आजारी होतं, तिथून पुढे मानोऱ्याच्या बाजूला दोन तांड्यांवर प्रार्थना होत्या. जेवण आटोपलं तशी कौलांवर धडधड झाली, टोळी आली. वैजयंतीबाईंनी कडी घातली. थोड्या वेळानं कौलं गप्प झाली, माकडं लिंबावरून पलीकडच्या वावरात हरभऱ्याकडे गेली. नियमाप्रमाणे आता कडी काढायची. त्यांचा हात कडीवर गेलाही. बोटांना स्टील गार लागलं. आणि हात तिथेच राहिला. काढायचं कारण काही आठवेना असं नाही, कारणं भरपूर होती, पण हात त्यातलं एकही ऐकेना. मग त्यांनी तो हळूच परत घेतला, मधल्या खोलीत आल्या, चादर उचलली. आणि दार वाजलं.

रुचिका तर नसेल, हा पहिला विचार. नाही, रुचिका नसणार. रुचिका चारला येणार, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली ड्युटी सुटल्यावर, आणि आता जेमतेम दोन वाजून गेलेत. हे त्यांनी स्वतःला दोनदा समजावलं. रुचिका मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, बावीस वर्षांची पोरगी. नवरा मुन्ना ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. दिवाळीच्या सुमारास तिचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. तेव्हापासून ती रडली नव्हती. सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली; डोक्यावर हात ठेवून, हात धरून, गोल करून, फोनवरून. वैजयंतीबाईंनीही केली, दोनदा, आणि दोन्ही वेळा चांगली झाली होती, शेजारच्या बायकांनी डोळे पुसले होते. रुचिकानं मात्र डोळे पुसले नाहीत. ती आमेन म्हणायची आणि भांडी घासायला उठायची. काल उपासना सुटल्यावर तिनं एकाएकी वैजयंतीबाईंच्या पदराचं टोक धरलं. "काकू, उद्या ड्युटी सुटल्यावर येऊ काय? मले बोलायचं हाये." एवढंच, पण इतक्या दिवसांत स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य. ये गं माय, मी घरीच आहे, असं वैजयंतीबाईंनी तिला सांगितलं होतं. तेव्हा चारच्या आधी कडी काढायची. तोवर दीड-दोन तास आहेत. दीड-दोन तासांनी जगाचं काय बिघडतं, असं त्या मनात म्हणाल्या आणि त्यांनाच ते वाक्य फार धीट वाटलं.

फोन थरथरायला लागला. प्रार्थना-विनंत्यांचा ग्रुप होता. त्यात सकाळपासून कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, कुणाची हरवलेली म्हैस. त्यांनी फोन उचलून गव्हाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. आतून बारीक गुरगुर येत राहिली, मग तीही थांबली. चादर त्यांनी घडी न करता फरशीवरच अंथरली आणि तीवर त्या आडव्या झाल्या, उताण्या, हात दोन्ही बाजूंना टाकून. असं त्या शेवटचं कधी निजल्या होत्या? दिवसाउजेडी निजलेली पाळकीणबाई कुणी पाहिली तर आधी विचारतात, बरं नाही का, आणि मग तिच्यासाठी प्रार्थना करतात. पाठीला फरशी लागली तशी पाठ कुठे कुठे दुखते ते कळायला लागलं. खांदे दुखत होते. टाचा दुखत होत्या. नाताळच्या कॅरोलफेऱ्या, वर्षअखेरची उपासना, नव्या वर्षाच्या घरभेटी, हे सगळं अंगात तसंच साचून राहिलेलं होतं आणि आता एकेक वर येत होतं.

पण ते अंगाचं. खरी गोष्ट दुसरीच होती आणि ती आज सकाळी झाली होती. जगदेवच्या पुतणीची परीक्षा, म्हणून त्यांनी फोनमध्ये बोलून प्रार्थना पाठवली होती. दयाळू बापाला हाक मारली, लेकराला बुद्धी मागितली, धीर मागितला, आवाज जिथे कापायला हवा तिथे कापला. आणि आमेनच्या आधी त्यांच्या ध्यानात आलं की आपण मघापासून कुकरच्या शिट्या मोजतोय. प्रार्थना अडली नाही, शिटीही चुकली नाही. फोन ठेवून त्यांनी कुकर उतरवला आणि झाकण न काढता तशाच त्याच्याकडे पाहत राहिल्या. हे आजचंच नव्हतं. किती दिवस, किती वर्षं हे असं चाललंय? शब्द येत होते, भरभरून येत होते, लोकांना त्यांचा आधारही वाटत होता, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे आपण वळून पाहिलेलंच नाही. आणि पाहिलं आणि तिथे कुणी नसलं तर? ही भीती त्यांनी आजवर कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. नवऱ्याजवळ तर मुळीच नाही. पाळकाच्या बायकोला असं वाटतं हे पाळकाला सांगायचं कसं, आणि कधी? दोघं बसतील त्या खोलीत नेहमी तिसरा माणूस असायचा.

तशाच पडल्या पडल्या त्यांना रविवारशाळेतली ती पोरगी आठवली. प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे, आणि जो गुप्तपणे पाहतो त्याच्याशी बोल, हा प्रभूनं घालून दिलेला धडा त्या दर वर्षी शिकवायच्या. एका वर्षी एक चुणचुणीत पोरगी उठून म्हणाली, "बाई, तुमच्या घराले त कडीच नाई. मंग तुमी प्रार्थना कुठी करता?" पोरं खदखदा हसली. वैजयंतीबाईंनी तिला गोळी दिली आणि खाली बसवलं. गोळी देऊन प्रश्न मिटतात अशी त्यांची तेव्हा समजूत होती. पंचवीस वर्षं त्या हा धडा बिनकडीच्या घरातून शिकवत आल्या होत्या. आणि तो दुसरा धडा, प्रभू पहाटे उठून एकटा रानात गेला आणि शिष्य मागोमाग शोधत आले की सगळे तुमची वाट पाहतायत, तो त्या नेहमी शिष्यांच्या बाजूनं सांगायच्या. बघा, लोकांना प्रभू किती हवा होता. प्रभूला काय हवं होतं, हे पोरांना विचारायचं राहून गेलं. तो त्या लोकांना टाळून गेला होता. आजाऱ्यांना, गरजवंतांना, दाराशी गर्दी करून बसलेल्यांना. मग परत आला, हे खरं. पण आधी गेला.

त्यांनी प्रार्थना करून पाहिली. हे दयाळू बापा, आम्ही सर्व तुझी लेकरं. लगेच ओळीनं पुढचं यायला लागलं, मंडळी, आजारी, प्रवासात असलेले, अधिकारावर असलेले. फरशीवर एकटी बाई पडलेली आणि तिच्या तोंडून सगळी मंडळी रांगेनं बोलतेय. त्या गप्प झाल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी नादच सोडला. नाही जमत, असं त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांच्या मनात आलं की आज दिवसभरात आपण बोललेलं खरं वाक्य हे एकच. बाहेर लिंबाच्या वाळल्या काड्या कौलांवर पडत होत्या. दूर कुठेतरी हळद शिजत असावी, तो मातकट उग्र वास फटीतून आत येत होता. रिठदला या दिवसांत सगळ्या शिवारावर हा वास असतो.

रिठदच्या वावरात त्यांच्या बापाची, पुंजाजींची विहीर होती. फार पाण्याची नाही. विजेची लाईन आली की मोटर लावायची, घटकाभरात विहीर उपसायची, तळाची काळी दगडं दिसायला लागायची. मग मोटर बंद. पुन्हा झऱ्यांनी पाणी साचेपर्यंत बसून राहायचं. तशीच चालू ठेवली तर मोटर जळते, हे लहान पोरांनाही माहीत. शेजारचे लोक तेवढ्यात गावात चक्कर मारून यायचे, पत्ते खेळायचे. पुंजाजी विहिरीच्या काठाशी बोरीखाली बसायचे, डोक्यावर दुपट्टा घेऊन. वैजयंती भाकर घेऊन जायची तेव्हा ते असेच बसलेले दिसायचे. ओठ हलत नसायचे. हातात माळ नाही, पुस्तक नाही. एकदा तिनं विचारलं, बाबा, तुम्ही काय करून राह्यले? पुंजाजी म्हणाले, "पाणी येऊ देऊन राह्यलो, बाई." तिला वाटलं विहिरीचं म्हणतायत. विहिरीचंच म्हणत असतील. पुंजाजी काही कोड्यात बोलणारा माणूस नव्हता. पण भाकर खाऊन ते उठायचे आणि खाली वाकून पाहायचे तेव्हा त्यांचा चेहरा असा काही निवलेला असायचा की लहान वैजयंतीला तो चेहरा पाहायला म्हणूनच भाकर न्यावीशी वाटायची. तो चेहरा त्यांना कितीतरी वर्षांत आठवला नव्हता.

मोटर बंद, त्या म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या की मनात, ते त्यांना नीट कळलं नाही. मग त्या काही मागेनाशा झाल्या. कुणासाठी काही सांगेनाशा झाल्या. मंदिरात शांततेची दोन मिनिटं पाळतात तेव्हा कुणीतरी खोकतं आणि पाळक गाण्याचा नंबर सांगतात. इथे नंबर सांगणारं कुणी नव्हतं. पहिल्यांदा फक्त थकवाच होता, खूप, तळ दिसेल इतका. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, कारण पुसायचं कशाला, बघतंय कोण. आणि मग कधीतरी, ते नेमकं कधी हे सांगणं कठीण आहे, त्यांना वाटलं की बघतंय. कुणीतरी बघतंय, आणि त्याला आपल्याकडून काही नको आहे. ना प्रार्थना, ना चहा, ना चांगला चेहरा. आपण नुसत्या पडलोय आणि तेवढं त्याला पुरतंय. दुसरं काही झालं नाही. प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही. पण सकाळपासून जिथे कोरडं वाटत होतं तिथे काही भरून आलं होतं, आणि त्यांना इतकं सुटल्यासारखं वाटलं की चादरीचं टोक तोंडाशी धरून त्या लहान पोरीसारख्या हसल्या.

अर्धवट गुंगीत त्यांना फाटकाची करकर ऐकू आली. आता दार वाजणार म्हणून खांदे आपोआप उचलले गेले. ओट्याशी हलकं काही बोलणं झालं आणि पावलं माघारी गेली. थोड्या वेळानं पुन्हा फाटक, पुन्हा कुजबूज, पुन्हा माघारी. दार कुणीच वाजवत नव्हतं. असं का होतंय याचा त्यांनी विचार केला असता, पण विचार करायला जागं राहावं लागतं.

डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं होऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. कितीतरी हलकं वाटत होतं. मग नजर घड्याळावर गेली आणि ते हलकेपण एका झटक्यात गेलं. पाच वाजून गेले होते. रुचिका. त्या इतक्या घाईनं उठल्या की डोळ्यांपुढे अंधारी आली. मघाची फाटकाची करकर, ती कुजबूज, ती माघारी गेलेली पावलं. त्यातली एक जोडी त्या पोरीची असणार. ती आली, दार बंद दिसलं. इतक्या महिन्यांनी एकदा तोंड उघडायला आलेली पोरगी, आणि मी आत झोपलेली. ती पुन्हा येणार नाही. ती आता कुणाकडेच जाणार नाही, भांडी घासत राहील आणि आमेन म्हणत राहील, आणि हे मी केलं. सासऱ्यांनी कडी काढली होती ती उगीच नव्हे. देवा, एकदाच बसले होते तुझ्याजवळ, त्याची एवढी किंमत घेऊ नको. ही प्रार्थना सरळ त्यांच्या स्वतःच्या तोंडून आली, पण तिकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. हॉस्पिटलात जायचं, तिथे नसली तर तिची खोली, मुन्नाचा नंबर फोनमध्ये, फोन गव्हात. त्या अनवाणीच धावल्या आणि कडी ओढली.

ओट्यावर, दाराला पाठ लावून, गोजराबाई बसल्या होत्या. दार उघडलं तशा त्या किंचित मागे कलल्या आणि सावरल्या. काठी मांडीवर आडवी. त्यांनी मान वळवून वर पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. पलीकडे, ओट्याच्या टोकाला, मंदिरातल्या सतरंजीवर रुचिका झोपली होती. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, उशाला ड्युटीची पिशवी. तोंड रडून सुजलं होतं आणि ओठ उघडे होते. तिच्या अंगावर गोजराबाईंची शाल होती.

वैजयंतीबाई चौकटीला धरून खालीच बसल्या. 

"झाली झोप?" गोजराबाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"तुमी कवापासून बसल्या?"

"दार म्याच वाजवलं व्हतं. माचिस पायजे व्हती." गोजराबाई थोडं थांबल्या. "तू म्हणली, घरी कोणी नाई. तुहा आवाज ऐकला. मनात म्हटलं, बरं हाय. बसली मंग."

वैजयंतीबाईंना लाज वाटली आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. या गोजराबाईंबद्दल कमिटीत एकदा तक्रार झाली होती, की बाई वर्षानुवर्षं प्रार्थनासभेला येतात पण तोंडानं कधी प्रार्थना करत नाहीत, नुसत्या बसतात. तेव्हा वैजयंतीबाईंनीच त्यांना समजावायला जायचं ठरलं होतं, आणि वेळ न मिळाल्यानं ते राहिलं होतं. न मिळालेल्या वेळेचं हे एक बरं झालं होतं.

"अन् हे?" त्यांनी रुचिकाकडे पाहिलं.

"आली व्हती चाराले. म्हटलं बस. बसली. मी काई बोलली नाई, तेही काई बोलली नाई. मंग लेकराचं नाव सांगतलं मले. ठेवलं व्हतं म्हणे मुन्नानं अन् तिनं, आधीच. कोणी इचारलंच नाई म्हणे." गोजराबाईंनी शालीचं टोक सारखं केलं. "मंग रडली. लय रडली. मंग झोपली."

नाव. बाळाला नाव होतं. इतक्या प्रार्थना झाल्या, सांत्वन मागितलं, सामर्थ्य मागितलं, देवाची इच्छा म्हटलं, आणि नाव विचारायला कुणी थांबलं नाही. वैजयंतीबाईंचे डोळे भरले. पण मघाची ती भीती आता नव्हती. पोरगी आली होती, परत गेली नव्हती, रडली होती. आपण दार उघडलं असतं तर काय झालं असतं हेही त्यांना लख्ख दिसलं. चहा झाला असता, डोक्यावर हात गेला असता, चांगली प्रार्थना झाली असती. देवा, तू कसा आहेस, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या. रुचिका उठली की पहिल्यांदा ते नाव तिच्याकडून ऐकायचं, आणि मग गप्प बसायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

"लय माकडं आली व्हती दुपारभर," गोजराबाई म्हणाल्या. चेहरा अगदी सरळ होता. "समदे परतवले."

कोण कोण ते हळूहळू कळलं. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेचं विचारायला दोघी आल्या होत्या. रिपोर्टवाला आला होता. जगदेव दोनदा. सगळ्यांना गोजराबाईंनी काठी दाखवून एकच सांगितलं होतं, घरी कोणी नाई. जगदेव म्हणे हट्टाला पेटले, आतून कडी दिसते म्हणाले, मग घरी कोणी नाही कसं. त्यावर गोजराबाई नुसत्या त्यांच्याकडे पाहत बसल्या, आणि एवढा बोलका माणूस उभ्या उभ्या थकून निघून गेला.

रस्त्यावर ओळखीची मोटारसायकल वाजली आणि फाटकाशी बंद झाली. देवमनराव फाटक लोटून आत आले आणि गोजराबाईंची वर उचललेली काठी पाहून तिथेच थबकले. इंझोरीची सगळी धूळ त्यांच्या भुवयांवर बसली होती. बाहीवर कसलासा डाग होता. दारात बसलेली बायको, झोपलेली पोरगी, दाराची उघडी कडी. त्यांची नजर या तिन्हींवरून फिरली आणि पुन्हा कडीवर येऊन थांबली. आता हे विचारणार, माणसांसाठी का घातली, असं वैजयंतीबाईंना वाटलं, आणि उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं, त्या भ्यायल्या नव्हत्या. पण काही विचारण्याइतकंही त्यांच्यात उरलं नव्हतं. सकाळपासून किती घरं, किती हात, किती आमेन. हा माणूस तळापर्यंत उपसलेला आहे, हे वैजयंतीबाईंना आज पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की कोरडं पडायचं ते आपलंच नशीब, याची विहीर मोठी.

त्या उठल्या. जवळ जाऊन त्यांनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली.

"आत जा," त्या हळूच म्हणाल्या. "मधल्या खोलीत चादर हाये. कडी लावून घ्या."

"कडी?"

"आमी बसून हाओत इथं."

देवमनरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा गोजराबाईंकडे. वडिलांचं ते मेंढपाळाच्या घराचं वाक्य त्यांच्या ओठांशी आलं असावं, पण ते तिथेच राहिलं. त्यांनी चपला काढल्या आणि आवाज न करता आत गेले. दार लागलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. पलीकडे उभ्या माणसाचा हात कुठे असेल ते वैजयंतीबाईंना ठाऊक होतं. स्टील गार असतं, बोटं तिथे अडतात. त्या वाट पाहत राहिल्या. शेवटी कडी सरकली, सावकाश, पूर्ण.

गोजराबाईंनी सरकून जागा केली. वैजयंतीबाई त्यांच्या शेजारी दाराला पाठ टेकून बसल्या. रुचिकानं झोपेत कूस बदलली. लिंबाखाली सावली लांबली होती, आणि फाटक पुन्हा करकरलं. जगदेव होते, तिसऱ्यांदा, हातात किल्ल्यांचा जुडगा. पाळकसाहेबांची गाडी बाहेर दिसली म्हणून आलो, असं ते दुरूनच म्हणाले, आले ना साहेब?

गोजराबाईंनी काठी उचलली. वैजयंतीबाईंनी तिच्यावर हात ठेवून ती खाली केली.

"घरी कोणी नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "उद्या या."

कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज त्यांना ओळखीचा वाटला.